मनूची कविता

बजाजनगर, औरंगाबाद
एप्रिल २०१६

ती. आईच्या पायांवर डोकं ठेवून,

मीनाक्षी गेल्यापासून गप्प झालेली आपली मनू काल कॉलेजांच्या कविता स्पर्धेत पहिली आली! कविता तिच्या आईवरच होती. शेवटची ओळ संपताच मागून एक चाचा ओरडले, "मुकर्रर! पुन्हा एकदा, बेटा!"

मनूचे ओठ थरथरत होते. मी उभाच राहिलो. "राहू द्या हो, पोरीला त्रास होतोय."

ती माइकवरूनच म्हणाली, "बाबा, बसा की खाली!"

सगळे हसले. आई, मनूही हसली! मग तीच ओळ तिनं खणखणीत म्हटली.

इथं टँकर येतो, काळजी नको. तुमच्या बोअरला पाणी आहे ना?

वर्षश्राद्धाआधी घरात गोड आणू नये, ठाऊक आहे. तरी पेढे आणले. रागावू नकोस.

तुझा
केशव