बघायची परवानगी

४ ऑगस्ट, सोम.
शांताचं पोट पुन्हा बिघडलं. महिन्यात तिसऱ्यांदा. डॉक्टर म्हणाले, पाणी कुठलं पिता? आमच्या ब्लॉकच्या टाकीचं, दुसरं कुठलं.
मयूर विहारच्या भगतांना फोन केला. जुने ऑफिसवाले. "गजभिये, सरकारी साइटवर सगळ्या सोसायट्यांच्या टाक्यांची तपासणी टाकलेली असते. बघा ना यार, कोणालाही खुली आहे." कोणालाही म्हणजे मलाही? विचारलं नाही.

५ ऑगस्ट
सून प्रज्ञाने मोबाइल हातात दिला. "बाबा, इथे दाबा." वर सरकारचा शिक्का. बोट थांबलं. बत्तीस वर्षं दफ्तरी होतो, या टेबलावरची फाइल त्या टेबलावर. एकही उघडून बघितली नाही. सातवी पास माणसाने बघायचं काय? ती म्हणाली, मग सासूबाईंसाठी मी बघते. ओरडलो. तुझी नोकरी सरकारी, तुझ्या नावाचा मोबाइल, उद्या कोणी विचारलं तर? मोबाइल घेऊन आत गेली. वाईट वाटलं.

८ ऑगस्ट
अर्ज लिहिला, दिल्लीचं ऑफिस म्हणून हिंदीत. 'पानी की जाँच का परिणाम देखने की अनुमति प्रदान करें.' दोनदा फेअर केला.

११ ऑगस्ट, सोम.
तपासणीच्या ऑफिसात गेलो. खिडकीवरच्या मॅडम वाचून हसल्या. "अंकल, अनुमति नहीं लगती. खुला है, घर बैठे देखिए."
"यही लिखकर दे दीजिए."
"क्या लिखूँ? कि देखना मना नहीं है?"
रांगेतले पण हसले. शेवटी पोच म्हणून शिक्का मारून दिला. जरा हलकं वाटलं. घरी शांताने विचारलं, "काय कळलं?" म्हटलं, अर्ज दिलाय, उत्तर येईल. "आणि तोवर तहान लागली तर?"

१९ ऑगस्ट
उत्तर नाही. भगतांना अर्जाचं सांगितलं. हसून हसून खोकला लागला त्यांना. "कमाल आहे तुमची! अहो, कडीच नाही त्या दाराला." पाणी उकळून ठेवतो. शांताला ते बेचव लागतं, गुपचूप नळाचं पिते.

२३ ऑगस्ट, शनि.
शांताला भरती केलं. सलाइन. प्रज्ञा तिच्याजवळ. घरी एकटा. माझ्याच मोबाइलवर साइट काढली. वेळ लागला. दाबलं. कोणी नाव विचारलं नाही. आमचा ब्लॉक, पुढे 'पीने योग्य नहीं'. तारीख जूनची. तिच्या पहिल्या दुखण्याच्याही आधीची. चष्मा पुसून परत बघितलं.

२४ ऑगस्ट
प्रज्ञाला सांगितलं. पाण्याचा कॅन आणला तिने. त्या दिवशी तिला बघू दिलं असतं तर...

२६ ऑगस्ट, मंगळ.
शांता घरी. फार उतरली आहे. ब्लॉकात सगळे तेच पाणी पितात. वरच्या मजल्यावर नवीन बाळंतीण. कागद लिहिला, मोठ्या अक्षरात, गेटवर लावायला. खाली नाव टाकलं तर सेक्रेटरी विचारणार, तुम्हाला कोणी सांगितलं बघायला? नाही टाकलं तर खरं कोण मानेल? शांता पडल्या पडल्या म्हणाली, "द्या इकडे, माझं टाकते. दुखलं माझं ना?" दिला नाही.
स्वतःचं टाकलं. दोनदा खाली जाऊन आलो. वॉचमन म्हणतो, "बाबूजी, कुछ लगाना है क्या?" म्हटलं, रुको. घडी करून खिशात ठेवलाय. त्या बाळंतिणीच्या घरची बाई जिन्यात भेटली, पाण्याची बादली घेऊन चढत होती. बोललो नाही. परत खाली जातोय, कागद घेऊन.