वाकळंची सुई

अहो,

तुम्हाला जाऊन दीड वर्ष झालं आणि मी आज पत्र लिहायला बसलीय. लोक म्हणतील, म्हातारीचं डोकं फिरलं. फिरू दे. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिलीय, आणि आज दुपारी दस्तगीर भावजी आपल्या दारातनं उठून गेल्यापास्नं मी चूल बी पेटवली न्हाय.

व्हय, तुमचा दस्तगीर मिस्त्री. आठ वर्सांनी आपल्या दारात आलता.

आठ वर्सं बंद पडलेला आपला ट्रॅक्टर उद्या जातोय. मुरगूडचा एक हौशी माणूस जुनी वस्तू म्हणून ठेवून घ्यायला तयार हाय, पण चालू करून दाखवा म्हणतोय. न्हाय झाला तर भंगारवाला कापून न्हेणार. पेट्रोलवर उठवायचा आणि रॉकेलवर चालवायचा, असला ट्रॅक्टर आता कुणाला खोलायला येतोय? म्हणून प्रकाशनं मला न विचारता भावजींना गाडीवर बसवून आणलं. लेकाला काय ठाऊक, आईच्या पोटात काय हाय ते.

तुम्ही इचलकरंजीला भाचीच्या लग्नाला गेलासा, ते आठवतंय? आठच दिवस आधी भावजींनी कार्बोरेटर साफ केलता. तुमची पाठ वळली आणि ट्रॅक्टर परत खोकाय लागला. मी म्हटलं, वीस वर्सं बघतीय की मी. वाटी काढायची, पेट्रोलात धुवायची, जेटाचं तेल जायचं बारीक भोक फुंकून मोकळं करायचं. त्यात काय एवढं? आणि तुम्ही कायम म्हणायचासा, "तुला काय कळतंय त्यातलं?" म्हटलं, आल्यावर चालू ट्रॅक्टरच दाखवते ह्यांना.

जेटात कचरा अडकलाता. फुंकून निघंना. पडवीत माझी वाकळ अर्धी शिवून पडलीती, तिच्यातली सुई काढली आणि घातली जेटात. गरागरा फिरवली. भावजी शंभरदा सांगायचे, जेटात लोखंड घालायचं न्हाय, पितळ मऊ असतंय, भोक मोठं झालं की संपलं. ते मी ऐकलंतं. पण सुईला कोण लोखंड म्हणतंय, असं वाटलं मला. कचरा निघाला. ट्रॅक्टर उठला बी. काय आनंद झाला म्हणून सांगू.

तुम्ही आलासा, हँडल मारलं, काळा धूर बघून जेट काढलं, त्याचं मोठं झालेलं भोक वळखलं आणि माझ्याकडं वळून बी बघितलं न्हाईसा. "दस्त्यानं तार घातली," म्हणालासा आणि जेट मुठीत घेऊन तसंच चपला घालून गेलासा. मी हातात चहा घेऊन उभी. एवढा कसला तुमचा राग? एकदा तरी विचारायचं हुतं, माघारी कुणी हात लावला काय म्हणून.

डेअरीफुडं, दूध घालायच्या वक्ताला, सगळ्या गावादेखत तुम्ही त्यांना खोटारडा म्हणालासा. तीस वर्सांची दोस्ती. ते एवढंच म्हणाले म्हणं, "बापू, मी तार घातली न्हाय." पिशवी उचलली आणि गेले. त्यानंतर आपल्या गल्लीत पाऊल टाकलं न्हाय.

मी गप बसले. आज सांगीन, उद्या सांगीन. मग लईच दिवस झाले, आणि दिवस लई झाले म्हणून सांगायची लाज वाटाय लागली.

आज ते आले. नजर कमी झालीय, हात कापत्यात. नट सोडवायला प्रकाशला लावलं. वाटीत जुन्या पेट्रोलचा राप बसलाता, काकवीसारखा. ते सगळं माझ्याच पितळीत धुतलं. जेट फुंकलं, आणि पयल्यासारखं आभाळाकडं धरून त्यातनं बघितलं. लई वेळ बघितलं. मग प्रकाशला पाणी आणायला आत धाडलं आणि जेट माझ्या हातात दिलं.

"बघा वैनी. तारेनं भोक सरळ मोठं हुतंय. ह्ये तोंडाला मोठं आणि आत बारीक. सुईगत."

मी जेट मुठीत झाकलं. म्हटलं, "कवा कळलं तुम्हाला?"

"त्याच दिवशी. डेअरीफुडं बापूनं माझ्या अंगावर फेकलंतं की ह्ये. मीच उचलून परत त्याच्या हातात दिलं."

"मग बोलला का न्हाईसा?"

"बापू मला बोलला, मी माझ्या घरी गेलो. तुम्हाला बोलला असता, तर तुम्ही कुठं गेला असता?"

अहो, ऐकताय न्हवं? माझ्यासाठी तो माणूस आठ वर्सं खोटारडा म्हणून फिरला. आणि मी त्यांच्या म्होरं धड रडू बी शकले न्हाय.

मग मला वाटलं, आता सगळंच सांगून टाकावं. म्हटलं, "भावजी, दवाखान्यात शेवटच्या दिसांत ह्यांनी तुमचं नाव काढलंतं. दोनदा विचारलं, दस्त्या आला न्हाय व्हय?"

ते हातातला पाना पुसत हुते. पुसायचे थांबले. म्हणाले, "काय म्हणाला?" मी परत सांगितलं. सुईचं त्यांनी सोडून दिलंतं, पण ह्येचं न्हाय सोडलं. पिशवीची नाडी बांधली आणि खाली बघूनच म्हणाले, "एक निरोप धाडायचा हुता, वैनी." पाणी बी न पिता उठले.

तेवढं खरं हाय. तवा तरी मी तोंड उघडायला पायजे हुतं. तुम्ही दाराकडं बघत हुतासा आणि मी तुमचे पाय दाबत हुते. ते आले असते तर सुईचं निघालं असतं, एवढ्याच भ्यानं मी गप बसले.

ट्रॅक्टर उठला न्हाय. प्रकाशनं हात सुजंपर्यंत हँडल मारलं. दोनदा खोकला, काळा धूर काढला आणि बसला. नवीन जेट आता कुठं मिळत न्हाय. भंगारवाला सकाळी येणार.

उद्या मी डेअरीफुडं जाणार हाय, दूध घालायच्या वक्ताला. सांगणार हाय की जेटात सुई मी घातलीती, दस्तगीर मिस्त्री खोटं बोलला नव्हता. त्या दिसाच्या माणसांतली आता दोन-चारच उरल्यात, त्यातल्या एकाला ऐकू येत न्हाय. तरी सांगणार. तुमच्या वाटणीचं "चुकलं" ते बी मीच म्हणणार. ह्ये वचन समजा.

पण तवा दवाखान्यातनं भावजींना धाडायचा राहिलेला निरोप आता कुणाच्या हातनं धाडू, ते मला कळत न्हाय.

तुमची,
शालन