ईदीतलं पिस्तूल

९ एप्रिल, चांदरात
खेळण्यातल्या बंदुकांवरचा माझा लेख छापून आला. ईदला आमच्या पेशावरची पोरं कपड्यांआधी बंदुका घेतात, त्याबद्दल. भाऊ सरताजने मोठ्याने वाचला, वाहवा केली. मग चंद्र दिसताच गच्चीवर जाऊन खऱ्या बंदुकीने हवेत सहा बार काढले. "आपा, हा आनंद! हिंसा नव्हे." चंद्र थोडक्यात वाचला.

१० एप्रिल, ईद
भाचीला — सरताजची पलवशा, वय सात — करकरीत नोटांची ईदी दिली. "बाहुली घे हं." "हो आत्या!" तासाभरात कमरेला छऱ्यांचं पिस्तूल! "बाहुली पुढच्या ईदला. तिला आधी पहारेकरी नको?" लेखात हा मुद्दा राहिलाच.
गल्लीच्या तोंडाशी पोरांनी नाका लावलाय. मलाही अडवलं. "पिशवीत काय?" शेवया. "जप्त!" साहेब म्हणजे शेजारच्या ताजमीरचा आठ वर्षांचा एमल. सही करून पावती दिली कार्ट्याने!

११ एप्रिल
एमलच्या उजव्या डोळ्यात छर्रा. पलवशाने मारला. आज नाका तिचा होता, हा न थांबता पळाला. "मी थांब म्हटलं होतं त्याला" — एवढंच म्हणते.
पिस्तूल माझ्या ईदीचं.

१४ एप्रिल
त्या डोळ्याची नजर गेली.

१६ एप्रिल
ताजमीर सलाम घेत नाही. त्यांच्याकडे चार भाऊ, बंदुका त्याहून जास्त. सरताज गच्चीवर फिरकत नाही. पलवशाला अंगणातही सोडत नाही. आता आनंद कुणालाच होत नाहीये.

१८ एप्रिल
ननवाते झालं. अपराधी आपण होऊन मेंढा घेऊन दारात आला, की आमच्यात वैऱ्यालाही माफी नाकारता येत नाही. पुढे सरताज, बोडक्या डोक्याने. मागे गल्लीतले पाच म्हातारे. आणि मेंढा — त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं. ताजमीरने पायाशी बसलेल्या सरताजला छातीशी धरलं. "ऊठ लेका, पोरांचा खेळ होता." दोघे ढसाढसा रडले. मेंढा शिजला.
आत बायकांत एमलच्या आईने मला वाढलं. "जेव, बहिणी." पुन्हा माझ्याकडे पाहिलं नाही.

२१ एप्रिल
एमलची पट्टी निघाली. मी पलवशाला घेऊन त्यांच्याकडे गेले. पढवलेली माफी तिने घडाघडा म्हटली, नवा चेंडू पुढे केला. त्याने घेतला. हसलासुद्धा.
"बाबांनी माफ केलंय. मी नाही."
"एमल!" ताजमीर ओरडला.
पोरगा माझ्याकडे वळला. माझीच समजूत काढावी तसा म्हणाला, "घाबरू नका, खाला. ती अजून लहान आहे. मला घाई नाही."