बोडी हरिदासला, आणि मंडईचं उत्तर

मी, रंभा दादाजी गुरनुले, वय ६८, राहणार पळसबोडी, तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर, हिंडतीफिरती असताना, डोके ठिकाणावर ठेवून, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र लिहवून घेते. सुनेला माझ्या डोक्याबद्दल शंका असेल तर तिने वकीलसाहेबांना विचारावे.

१. राहते घर मुलगा प्रवीण याला. वरोऱ्याहून तो सणापुरताच येतो, तरी त्यालाच. छपराचे कवेलू फेरताना कुरकुर करू नये.

२. धानाची बांधी आणि अंगावरचे सोने मुलगी मंजुषा हिला.

३. बांधीला पाणी देणारी आमची बोडी (लहान तळे) श्री. हरिदास मोहुर्ले यांच्याकडे, ते हयात असेपर्यंत. नंतर मंजुषाकडे. प्रवीणला ती बुजवून प्लॉट पाडायचे आहेत. ते होणे नाही. "तो माणूस आपला कोण लागते?" असे त्याने मला तोंडावर विचारले, म्हणून खुलासा करते.

माझे मालक गेल्यानंतर, दिवाळीमागे भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत हरिदासने सरळ विचारले, "रंभाबाई, आपण पाट लावाचा का?" बाईमाणसाचे दुसरे लग्न आमच्यात चालते. मी म्हटले, "पाहू, धान निघू द्या." पुढच्या मंडईला पुन्हा, "काय ठरलं?" "पाहू ना!" बाया हसायच्या, हिचं काई ठरतच नाई. अवं, ठरत कसं नव्हतं? हो म्हटले असते तर त्याचे विचारणे थांबले असते, नाही म्हटले असते तर येणे. मला दोन्ही पाहिजे होते. दर उन्हाळ्यात तो बोडीची पाळ बांधायला यायचा, दुपारी माझ्या हातचे जेवायचा, भाजीत मीठ कमी म्हणायचा.

एका मंडईला त्याने विचारलेच नाही. मी तणतणत त्याच्या घरी गेले. "काऊन विचारलं नाई?"

"घसा बसला होता ना, बाई."

पोट दुखेपर्यंत हसलो दोघे. मी सुखात जगले, हे प्रवीणने ध्यानात ठेवावे.

४. यातले हरिदासला आत्ताच कोणी सांगू नये. यंदाची मंडई अजून व्हायची आहे, आणि मला ऐकायचे आहे.

५. मी गेल्यावरही मंडईच्या दिवशी तो दारात येईल. त्याला कोणी हटकू नये. मंजुषाने खुर्ची द्यावी, चहा द्यावा आणि सांगावे, आई हो म्हणून गेली.

वाचून दाखवले. शब्द माझेच आहेत.

सही: रंभा दादाजी गुरनुले
साक्षीदार: शकुबाई निकुरे, रोशन लोनबले
पळसबोडी, दि. १२ सप्टेंबर २०२४