बोट कुणी सरळ केलं

चांगहुआ
१२ मार्च, बुधवार

प्रिय सूचिन,

इकडे सगळं ठीक आहे. तू, तुझी बहीण लीहुआ आणि तिच्या कोंबड्या तिकडे पूलीत मजेत असाल असं धरून चालतो. आपला बोयू म्हणाला, तिथल्या सगळ्यात भांडकुदळ कोंबड्याला तू माझं नाव दिलं आहेस. मी अजिबात रागावलो नाही. पहाटे वेळेवर उठत असेल तर नाव शोभतंय त्याला.

आपल्या लेकाचा साखरपुडा सत्तावीस एप्रिलला ठरला, हे तुला त्याने कळवलंच आहे. पेइशान मुलगी चांगली आहे. पहिल्याच भेटीत मला म्हणाली, "काका, तुम्ही सूप पिताना फार आवाज करता." मी तेव्हाच ठरवलं, हीच सून. सोन्याची अंगठी आणून ठेवली. तिच्याबरोबर रिवाजाप्रमाणे लाल दोऱ्याने बांधायची तांब्याची अंगठी मात्र मी विकत आणणार नाही म्हटलं. तारेची भेंडोळी सायकलवर वाहून ज्याने छत्रीच्या काड्यांचा कारखाना उभा केला, त्याने मुलासाठी तांब्याचं वेढणं दुकानातून आणायचं? लोक हसतील.

अंगठी घालायची सासूने. बोयूने तुला विचारलं, तर तू म्हणालीस, "बघू." मुलीची आई मला दोन दिवसांआड फोन करते, आणि मी दोन दिवसांआड तिला तुझा गुडघा सांगतो. पूलीची हवा गुडघ्याला चांगली, डॉक्टरच म्हणाले. आईचं वर्षश्राद्ध झालं आणि तिसऱ्या दिवशी तू बॅग घेऊन निघालीस, तेव्हापासून सगळ्या गल्लीला मी हा गुडघाच सांगत आलोय. दोन वर्षं झाली. आता लोक मलाच गुडघ्यावरची औषधं आणून देतात.

तर अंगठी. मंदिरामागच्या समाजकेंद्रात वरच्या मजल्यावर दर बुधवारी दुपारी दागिने बनवायचा वर्ग चालतो. तारेचे आणि पॉलिमर क्लेचे. बायका त्या क्लेला नुसतं माती म्हणतात. रंगीत असते, मळायची, मणी-फुलं करायची आणि ओव्हनमध्ये भाजायची. अकरा बायका आणि मी. पहिल्या दिवशी मी आत शिरलो तशी नूडल्सवाली श्युलान ओरडली, "शेठ, पंखा दुरुस्त करायला आलात का? तो खालच्या मजल्यावरचा बिघडलाय!"

शिकवणाऱ्या लाईबाई तुझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. पहिल्या तासाला मी तीन अंगठ्या मोडल्या. त्या म्हणाल्या, "शेठ, तार दामटू नका. दांडीवर हळू फिरवा, ती आपसूक वळते." मी म्हटलं, "बाई, चाळीस वर्षं तार माझं ऐकत आलीय." त्या म्हणाल्या, "तुमचं नाही, मशीनचं ऐकत होती." सगळ्या खो खो हसल्या. मीही हसलो.

गेल्या बुधवारी एक प्रकार झाला. तो सांगायलाच खरं तर हे पत्र लिहितोय. म्हणजे तो आणि आणखी एक.

ओव्हन सांभाळायची पाळी आमान आजींची होती. वय एक्याऐंशी. नातीच्या लग्नासाठी त्यांनी पंधरा आठवडे बसून बारकी प्लमची फुलं केली होती, नखाएवढी, एकेका पाकळीला शीर काढलेली. सगळ्यांचं काम एकाच थाळीत. एकशे तीस अंश, अर्धा तास. आजी हात धुवायला गेल्या. मी बघितलं, अजून वीस मिनिटं बाकी. आता तू मला ओळखतेस. माझ्या डोक्यात कारखाना. म्हटलं, आच वाढवली तर निम्म्या वेळात माल बाहेर. बटण दोनशेवर नेलं आणि तार वळत बसलो.

धूर निघाला, तेव्हा खिडक्या उघडायलाही वेळ पुरला नाही. थाळी बाहेर काढली तर सगळं काळंठिक्कर. आजींची फुलं म्हणजे जळलेले तीळ.

श्युलान म्हणाली, "आजी, चष्मा लावला होता का बटण फिरवताना?" आजींनी बटणाकडे बघितलं, आपल्या हाताकडे बघितलं. "मीच फिरवलं असेल गं. आता काही आठवत नाही मेलं." मग एकेकीची माफी मागत फिरल्या. डब्यात हत्यारं भरायला लागल्या. "पुढल्या बुधवारपासून नाही येत. डोळे गेले, हातही गेले."

आणि मी काय करत होतो? चहा पीत होतो. मनात म्हणत होतो, म्हातारीने मान्य केलंय, विषय संपला.

शेवटी त्या माझ्यासमोर आल्या. वाकून म्हणाल्या, "शेठ, तुमचे मणी पण जळाले. मला माफ करा."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बटण मी फिरवलं."

मग श्युलान म्हणाली, "छत्रीवाल्या, आधी तुलाच भाजायला हवं!" आजींनी क्ले लाटायचं लाटणं माझ्या पाठीत घातलं. एक्याऐंशी वर्षांच्या हातात इतका जोर! मग शिक्षा ठरली. महिनाभर सगळ्यांची माती मीच मळायची आणि आजींच्या फुलांच्या पाकळ्या मीच कापायच्या. आज मळून आलोय. बोटं दुखतायत, पण आजी आल्या होत्या. शिव्या देत होत्या, म्हणजे बऱ्या आहेत.

मळता मळता त्यांनी विचारलं, "सुनेला अंगठी कोण घालणार?" मी म्हटलं, "बायकोच्या गुडघ्याचं जरा..." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, "ओव्हनचं खरं सांगितलंस. आता गुडघ्याचंही सांगून टाक."

सांगितलं, सूचिन. अकराजणींसमोर. त्यांना आधी आणि तुला नंतर, हेही चुकलंच. पण तिथे तोंड उघडलं म्हणून इथे लिहिता येतंय.

छत्तीस वर्षांपूर्वी आपल्या साखरपुड्यात तू त्या उंच खुर्चीवर बसली होतीस. तुझ्या आईने शिकवल्याप्रमाणे तू बोट वाकवलंस, अंगठी पेरापाशी अडावी म्हणून. मुळापर्यंत गेली की सासू जन्मभर डोक्यावर बसते, हे सगळ्यांनाच ठाऊक. आई माझ्याकडे बघून म्हणाली, "सरळ कर रे ते." आणि मी हसत हसत तुझं बोट धरून सरळ केलं. आईने अंगठी दाबून बसवली. सगळे हसले. तुझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी म्हटलं, "अगं, गंमत."

पुढची तेहतीस वर्षं तेच चाललं. दाबत आई होती, पण धरून मी ठेवलं होतं. लोक तुझ्या सासूला नावं ठेवायचे आणि मी चहा पीत असायचो.

अंगठी झाली आहे. आठवी, सात मोडल्या. पेइशानची आई तिला बोट कसं वाकवायचं ते शिकवतेय म्हणे. शिकवू दे. बोयूला मी बजावलंय, त्या वेळी हात पाठीमागे बांधून उभा राहा.

रविवारी सकाळच्या गाडीने निघतोय, ताइचुंगला बदलून अकरापर्यंत पूलीत पोचेन. वर लिहिलं ते तुझ्यासमोर तोंडाने बोलायचं आहे, आणि लीहुआलाही बसवून घे. त्या दिवशी ती बारा वर्षांची होती, तुझ्या खुर्चीशेजारी उभी होती, तिने सगळं बघितलं होतं. साखरपुड्याला येणार का, हे मी रविवारी विचारणार नाही. परतीची गाडी तीनची आहे, एकट्याचंच तिकीट काढलंय. तू 'बघू' म्हणाली आहेस, तर बघ. सत्तावीसच्या सकाळपर्यंत बघ. तू आली नाहीस तर पेइशानच्या आईला मी खरं कारण सांगेन, आणि लेकीला घालायला अंगठी तिच्याच हातात देईन.

तुझं बोट धरणारा,
योंगक्वेई