एकोणीस वर्षांत न झाडलेली गोळी

३ मार्च, संध्याकाळ
बँकेच्या दारात स्वतःची बंदूक घेऊन उभा राहायला एकोणीस वर्षं झाली. आज मॅनेजरसाहेबांनी कागद हातात दिला. नवा नियम. तीन दिवस ट्रेनिंग, नेमबाजीची टेस्ट, मगच लायसन रिन्यू. लायसन नाही तर ड्यूटी नाही. मी हसलो. साहेब हसले नाहीत.

४ मार्च
नियम चांगलाच आहे. इतरांसाठी. नाहीतर उद्या कुणीही सोम्यागोम्या बंदूक घेऊन फिरेल! अनुभवी माणसाला मात्र सूट हवी. तसा अर्ज लिहिणार. कडक भाषेत.

७ मार्च
अर्ज राहिला. मान दुखत होती. ट्रेनिंगचा फॉर्म मुलीने भरला, छपाई फार बारीक होती. बायको म्हणते, चष्म्याचं बघा. नेम मनगटात असतो, हे तिला कोण सांगणार?

११ मार्च
शिकवायला एक बाई. वय माझ्या मुलीएवढं. विचारते, काका, शेवटची गोळी कधी झाडलीत? म्हटलं, वेळच आली नाही, धाकच तेवढा होता. मागे कुणीतरी खोकलं. मग तासभर एकच धडा: बंदूक उघडा, रिकामी आहे का बघा. नवशिक्यांचं काम. वहीत उतरवून घेतलं नाही.

१३ मार्च
टेस्ट. दहा गोळ्या. माझ्या निशाणावर भोक नाही. शेजारच्या पतपेढीवाल्याच्या निशाणावर तीन जास्तीची. म्हटलं, वारा होता. बाई म्हणाल्या, काका, हॉल चारी बाजूंनी बंद आहे. वीस तारखेला शेवटचा चान्स. लागली नोकरी पणाला.

१६ मार्च, दुपारी ४
घरी प्रॅक्टिस करत होतो. बंदूक उघडून पाहिली होती. रिकामी होती. म्हणजे रिकामी वाटली. मुलगी टेबलाशी शाळेच्या वह्या तपासत होती. पाणी प्यायला उठली. तेवढ्यात बार उडाला. तिच्या खुर्चीची पाठ राहिली नाही.
अक्षर लागत नाहीये.

१७ मार्च
मुलीने वह्या गोळा करून पिशवीत भरल्या. बायको म्हणाली, आता घरात एक तर ती बंदूक राहील नाही तर आम्ही. मी म्हटलं, टेस्ट तेवढी होऊ दे. दोघी मावशीकडे गेल्या.
खुर्ची तशी जुनीच होती.

१८ मार्च
शेजाऱ्यांनी आवाजाचं विचारलं. कुकर म्हणालो. दोनदा चहा केला, दोन्ही वेळा ओतून दिला. पास झालो की त्या येतील. व्हायलाच हवं.

२० मार्च, दुपार
बाई म्हणाल्या, आधी उघडून दाखवा. उघडली. भरलेली की रिकामी? त्यांनी पुन्हा विचारलं. मी आत बघतच राहिलो. शेवटी त्यांनीच हळूच बंदूक काढून घेतली.
मुलीला फोन केला. तत्त्वासाठी बंदूक सोडली, असं सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं, मला दिसत नाही गं.
तिने विचारलं, कधीपासून, बाबा?
म्हटलं, सहा वर्षं. सात असतील.