चिरलेलं पत्र

सुएझ, ८ बरमूदा
(म्हणजे फिरंग्यांचा एप्रिल महिना, १८४०)

प्रिय ताई,

तुझं पत्र पोचलं. पोरींचा खोकला गेला हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. उपवास चालू आहेत. रोज मसूर, कांदा आणि इथलं खारट पाणी, त्यामुळे वेगळं मीठ लागत नाही. ईस्टरला कैरोला येईन म्हणालो होतो, ते आता आगबोटीच्या हाती आहे.

मुंबईची आगबोट चार-पाच दिवसांत इथे लागेल. या खेपेला नुसती डाक नाही, परीक्षा आहे. लंडनहून एक साहेब आलाय. दोन खिशांत दोन घड्याळं घेऊन फिरतो, कारण एकावर त्याचा भरवसा नाही. डाकेच्या पेट्या इथे उतरल्यापासून अलेक्झांड्रियाच्या आगबोटीवर चढेपर्यंत चौसष्ट तास. तेवढ्यात पोचल्या, तर हिंदुस्थानची डाक दर महिन्याला आमच्या वाटेने जाणार, तीही दहा वर्षांच्या कराराने. नाही पोचल्या, तर बसऱ्याच्या वाटेने. मग सुएझला पुन्हा मासे आणि माश्या.

वाळवंटात सात मुक्काम, प्रत्येक ठिकाणी ताजे उंट, जमिनीत पुरलेले पाण्याचे रांजण. हे सगळं मी दोन वर्षं खपून बसवलंय, तुला माहीत आहे. शेख सलामाकडे उंट मागायला गेलो तेव्हा त्याने विचारलं होतं, की जनावर मरेस्तोवर पळवायचं, असं काय लिहिलेलं असतं त्या कागदांत? मी म्हटलं, बहुतेक खुशालीच. तो बराच वेळ हसत होता. पण उंट दिले.

पेट्यांबरोबर भावोजी जाणार आहेत. कैरोत पेट्या उंटांवरून नावेत चढायला तीन तास लागतात. तेवढ्यात घरी येऊन जेवून जाईन, पोरींना बघून जाईन, असं ते सारखं म्हणतात.

रविवारी आमच्या तळावरचा पाणक्या वारला. मरझूक त्याचं नाव. पोटशूळ झाला होता. क्वारंटाइनच्या डॉक्टरला मी तसं कळवलं. तो जेवत होता, बरं म्हणाला.

हमदान चुन्याची पोती घेऊन आज कैरोला निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देणार आहे. तो दोनदा डोकावून गेला. आतापर्यंत लिहिलं त्यात महत्त्वाचं काहीच नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

ताई, पोटशूळ नव्हता. काखेत गाठ होती, अंड्याएवढी. मी डोळ्यांनी पाहिली.

डॉक्टरला खरं सांगितलं असतं तर निदान वीस दिवस सुएझ बंद. आगबोटीवरून पेट्या उतरल्या नसत्या. साहेबाने दोन्ही घड्याळं खिशात घालून चालायला लागायचं. मला वाटलं, एकच माणूस आहे, गेला, आता दुसऱ्याला होणार नाही. तुला सांगायला नको, असं सगळ्यांनाच वाटतं. पाच वर्षांपूर्वी आपल्या गल्लीत एकाने घरातलं मयत लपवलं आणि पुढच्या आठवड्यात आई गेली. त्या माणसाला तू अजून तळतळाट देतेस.

आज सकाळी भावोजी उठले नाहीत. मी तंबूत गेलो. अंग तापलं होतं, डोळे लाल होते.

"ऊन लागलंय रे कारकुना," ते म्हणाले. "तोंड कशाला पाडतोस? मला उंटावर बसायचंय, घोड्यावरून वरात काढायची नाहीये."

मी म्हटलं, या खेपेला दुसरा कुणी जाईल.

"दुसरा कोण चौसष्ट तासांत नेणार? तू? तुला तर उंटावर चढायलाच चौसष्ट तास लागतात."

मी हसलो. ताई, मला हसू आलं.

रविवारी उंटवाले मरझूकच्या प्रेताला हात लावायला तयार नव्हते. भावोजींनी त्याला एकट्याने उचलून खड्ड्यापर्यंत नेलं. उचलण्याआधी त्यांनी मला विचारलं होतं, "याला झालं काय होतं?" मी त्यांनाही पोटशूळच सांगितलं. हेच लिहायचं होतं. बाकीचं सगळं हे टाळण्यासाठी लिहिलं.

आता नीट ऐक. पत्र हमदानला दिलं की मी डॉक्टरकडे जाणार आहे. गेलो, तर खुणांच्या बुरुजावरून निरोप सुटेल आणि बुरुजामागून बुरुज करत उंटांच्या आधी कैरोला पोचेल. मग वेशीवरचे पहारेकरी साथ आत येऊ नये म्हणून हे पत्र चिरतील, गंधकाचा धूर देतील, आंबट शिरका शिंपडतील. डॉक्टरचं दार शंभर पावलांवर आहे. रविवारपासून तीन वेळा तिथे जाऊन परत आलोय. म्हणून हे तुझ्या हाती देतोय. मग मला मागे फिरता येणार नाही.

पत्र चिरलेलं आलं, तर मी बोललो असं समज. भावोजी इथेच माझ्याजवळ असतील, मी त्यांना सोडणार नाही. कागद न चिरता, कोरा करकरीत आला, तर ते पत्रामागून एका दिवसाने तुझ्या दारात उभे राहतील. दार उघडू नकोस. त्यांनी पोरींची नावं घेतली तरी.

हमदान तिसऱ्यांदा आलाय.

तुझा धाकटा,
तादरोस


कैरो, १३ बरमूदा

तादरोस,

शिपायाने पत्र चिमट्यात धरून उंबऱ्यावर टाकलं. शिरक्याचा वास आला. आईच्या वेळी घरात हाच वास होता. शेवटपर्यंत वाचून झालं, तेव्हा मी तोच कागद तोंडाशी धरून रडत बसले. दोन चिरा आहेत. शाई फुटलीये, पण सगळं लागलं.

हमदानला वेशीवर अडकवलंय. तो तिथून तुझ्या नावाने बोटं मोडतोय. साहेब सुएझला पहारा बसायच्या आतच अलेक्झांड्रियाला निघून गेला म्हणतात. शेजारणी म्हणतात, तुझ्या भावाने साऱ्यांच्या पोटावर पाय दिला. मी दार लावून घेतलं. पोरींना एवढंच सांगितलं, की बाबांना ताप आहे.

रविवार ते बुधवार. ते दिवस मी तुला माफ केलेले नाहीत, पुढे करीन असंही लिहीत नाही. पण आपल्या गल्लीतला तो माणूस शेवटपर्यंत बोलला नव्हता. तू बोललास.

आता पोरींच्या बाबांचं कळव. गाठ आली का, पाणी पितात का, शुद्धीत असले तर काय बोलतात. वाईट असेल तर वाईटच लिही. मला पोटशूळ सांगू नकोस. पत्र चिरून येऊ दे, धुरकटून येऊ दे, मी उंबऱ्यावरून उचलून घेईन. कोरं मात्र पाठवू नकोस.

वाट पाहणारी,
दिमियाना